फ्युएल पंप वारंवार जातोय? नवा बसवण्याआधी जुना उघडून बघा

एकाच गाडीचा फ्युएल पंप पुन्हा पुन्हा जात असेल, तर आधी नवा पंप मागवणं थांबवा. पेट्रोलमध्ये बुडून चालणारा विजेचा पंप धडधाकट गाडीत दीड-दोन लाख किलोमीटर सहज काढतो. तो दर हंगामाला जळत असेल, तर त्याला जाळणारं कारण गाडीतच बसलेलं आहे आणि नवा पंपही त्याच्याच तोंडी जाणार आहे. हे कारण शोधायला महागडी यंत्रं लागत नाहीत. एक मल्टिमीटर, अँपिअर मोजणारा एक क्लॅम्प मीटर, एक प्रेशर गेज आणि काढलेला जुना पंप एवढं पुरतं. पण तो जुना पंप बहुतेक जण त्याच दिवशी कचऱ्यात टाकतात, आणि सगळ्यात मोठा पुरावा तिथेच जातो.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटच्या एका उपनगरात. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण वाहन उद्योगात आयुष्य काढलेले, त्यामुळे घरोघरी एखादी जुनी स्पोर्ट्स कार ताडपत्रीखाली झाकलेली दिसते. आज जी केस मांडतोय ती आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त काकांच्या १९९१ च्या माझ्दा मियाटाची. भारतात ही गाडी अधिकृतपणे कधी आली नाही, म्हणून थोडी ओळख करून देतो. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. हिरोशिमात बनणारी, दोन सीटची, उघड्या टपाची, हलकी, रिअर-व्हील ड्राइव्ह. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर, युरोपात एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा. एप्रिल २०१६ मध्ये तिची दहा लाखावी गाडी तयार झाली. उघड्या टपाच्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये हा विक्रम आहे. १९९७ पर्यंतच्या पहिल्या पिढीला शौकीन लोक ‘एनए’ म्हणतात. काकांच्या गाडीत १.६ लिटरचं इंजिन, सीटच्या मागे ४५ लिटरची पत्र्याची टाकी आणि टाकीच्या आत पंप. मांडणी इतकी सरळ आहे की इथली तपासणी ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांना थोड्याफार फरकाने लागू पडते.

लक्षणं अशी होती. थंड गाडी एका सेल्फमध्ये सुरू. पंधरा-वीस मिनिटं सुरेख चालायची. मग हायवेला लागताना चढावर पाय दाबला की पिकअप नाही, मिसिंग, झटके, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बंद. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. उन्हाळ्यात त्रास जास्त, टाकी निम्म्याखाली गेली की आणखी जास्त. नवा पंप टाकला की काही महिने शांतता, मग तेच.

“अरे, हल्ली पंपच खराब येतात. सगळा माल बोगस,” काका म्हणाले.

“काका, जुने पंप टाकून तर नाही ना दिलेत?”

नव्हते दिले. नव्या पंपाचा खोका आला की त्यात जुना घालून काकांनी ते गॅरेजच्या फळीवर ओळीने मांडून ठेवले होते, वर तारखा लिहून. निम्मं काम तिथेच झालं.

काकांचा संशय अगदी निराधार नाही. नामांकित कंपन्यांच्या नावाचे नकली पंप बाजारात आहेत, आणि कधीकधी अस्सल सुटा भागही मुळातच कमकुवत निघतो. ऑक्टोबर २०१० मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत ट्विन-टर्बो सहा सिलिंडर इंजिनाच्या सुमारे १ लाख ३० हजार गाड्या हाय-प्रेशर पंपासाठी परत बोलावल्या होत्या. पण तो डायरेक्ट इंजेक्शनचा, इंजिनावर बसणारा दुसरा पंप; त्याचं शास्त्र वेगळं. टाकीतला साधा पंप वेगवेगळ्या दुकानांतून आणूनही तसाच मरत असेल, तर दुकानाला बोल लावून उपयोग नाही.

आधी खात्री: दोषी पंपच आहे ना?

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर सुरू होते, एवढ्यावरून पंप ठरवू नका. या गाडीत इग्निशन कॉइल आणि कॅम अँगल सेन्सरही असंच वागतात. बंद पडल्यावर लगेच, गरम असतानाच तपासा. अर्ध्या तासाने केलेल्या तपासणीत सगळंच ठीक सापडतं.

एनएमध्ये एक फार चांगली सोय आहे. बोनेट उघडलं की अमेरिकन गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला ‘डायग्नोसिस’ लिहिलेली काळी डबी दिसते. झाकणाच्या आत पिनांची नावं छापलेली असतात. एफ/पी (F/P, फ्युएल पंप) आणि जीएनडी (GND, अर्थिंग) या दोन पिना एका वायरच्या तुकड्याने जोडा, किल्ली ऑन करा (सेल्फ मारायचा नाही), आणि सीटच्या मागे कान द्या. पंपाची एकसारखी गुणगुण ऐकू आली पाहिजे. पंप असा चालतोय, पण गाडी चालू असताना मात्र थांबतो, तर पंप निर्दोष. १.६ च्या इंजिनात पंप चालू ठेवण्याचा हुकूम एअरफ्लो मीटरच्या आतला स्विच देतो: हवा आत ओढली गेली की पाती उघडते, स्विच जुळतो आणि डॅशखालचा सर्किट ओपनिंग रिले पंपाला वीज सोडतो. इंजिन थांबलं की पाती मिटते आणि पंप बंद होतो, म्हणजे अपघातात पेट्रोल ओतलं जात नाही. हा स्विच किंवा रिले दगा देत असेल तर तुम्ही कितीही पंप बदला. एअरफ्लो मीटर आणि थ्रॉटलमधल्या रबरी नळीला भेग असली तरी हवा बाहेरून शिरते, पाती पुरती उघडत नाही आणि स्विच सुटतो. दहा मिनिटांत टॉर्च घेऊन बघण्यासारखी गोष्ट आहे. काकांच्या गाडीत हे सगळं ठीक होतं.

टाकी उघडण्यापूर्वी

ही ओळ वगळून पुढे जाऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. अमेरिकेत घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये कित्येकदा गॅसचा वॉटर हीटर असतो. त्याची ज्योत बंद करा किंवा गाडी सरळ बाहेर अंगणात घ्या. आधी लाइनमधला दाब उतरवा: इंजिन चालू ठेवून रिले काढा, ते आपोआप बंद पडू द्या. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. पेट्रोलच्या आगीला चालणारं अग्निशामक हाताशी ठेवा. आणि पेट्रोलने ओला असलेला पंप वायरी लावून बॅटरीवर “चालतो का बघू” असं कधीही करू नका. मी चांगले जाणते लोक हे करताना पाहिलेत. काळजाचं पाणी होतं.

जुना पंप उघडून बघा

बाहेर काढलेला पंप आधी पूर्ण वाळू द्या, उघड्यावर, दोन-चार दिवस. मग वरचं पत्र्याचं कवच हाताने फिरवायच्या पाइप कटरने कापा. ग्राइंडर नको, त्याच्या ठिणग्या नकोत आणि त्याचा चुराही आत जाऊन पुरावा बिघडवतो. आत एक छोटी डीसी मोटर असते, एका टोकाला कार्बन ब्रश आणि कॉम्युटेटर, दुसऱ्या टोकाला पेट्रोल ढकलणारी चकती.

खोक्यावरच्या तारखांनुसार सगळ्यात जुना पंप आम्ही पहिला कापला. खालची जाळी, जिला बाजारात सॉक म्हणतात, मूळची फिकट असते. ही चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. बोटाने चोळली तर बोटावर विटकरी पावडर. चकतीच्या दोन्ही बाजूंच्या झाकणांवर गोलाकार ओरखडे, नखाला लागतील इतके खोल. ब्रश मात्र निम्म्याहून अधिक शिल्लक. म्हणजे मोटर झिजून मेली नव्हती. गंजाची बारीक पूड जाळीतून आत शिरून चकती घासली होती, आणि तुंबलेल्या जाळीमुळे पंपाला पेट्रोल कमी मिळत होतं. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो आणि पेट्रोलच त्याचं वंगण असतं. पेट्रोल कमी मिळालं की तो तापतो, आतल्या आत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ढकलता येत नाही. चढावर पिकअप जाण्याचं कारण हेच. टाकी निम्म्याखाली असताना त्रास जास्त का, याचंही उत्तर इथेच मिळालं.

मग नंतरचे पंप कापले, आणि इथे गोष्ट बदलली. आतून ते जवळजवळ स्वच्छ होते. चकती गुळगुळीत, जाळी बरी. पण वरच्या टोकाला, जिथे वायरी लागतात, तिथलं प्लास्टिक करपून तांबूस झालेलं, एका टर्मिनलचा पितळी रंग जाऊन निळसर काळपट छटा आलेली. तिकडची उष्णता मोटरमधून आलेली नव्हती, जोडणीतून आलेली होती. शिवाय हे पंप मूळ मापाचे नव्हतेच. पहिला पंप गेल्यावर कुठल्याशा गॅरेजने “यापेक्षा दणकट टाकू” म्हणून टर्बो गाड्यांसाठीचा, ताशी २५५ लिटरचा पंप बसवला होता, आणि पुढे प्रत्येक वेळी त्याच्या जागी तसाच आणला गेला.

म्हणजे मरणं वेगवेगळ्या कारणांची होती. पहिल्याला गंजाने मारलं. त्यावर उपाय म्हणून आलेला मोठा पंप जास्त वीज ओढू लागला आणि जुन्या जोडण्या त्या विजेने करपल्या. एका रोगाचं औषध दुसऱ्या रोगाचं कारण झालं, आणि गंज तर टाकीत तसाच होता. वारंवार जाणाऱ्या पंपाच्या बाबतीत हे फार आढळतं, म्हणून एक कारण सापडलं की तपासणी थांबवायची नाही.

वीज: बॅटरीवर किती आणि पंपावर किती

मियाटाची बॅटरी डिकीत असते, पंपापासून हातभर अंतरावर. पण वीज त्या वाटेने जात नाही. ती आधी पुढे इंजिनाजवळच्या मुख्य फ्यूजपर्यंत जाते, तिथून डॅशखालच्या रिलेत, आणि मग पुन्हा मागे टाकीपर्यंत येते. तीस वर्षांच्या गाडीत या वाटेवरची प्रत्येक जोडणी थोडी थोडी वीज खाते.

हे मोजायचं ते पंप चालू असताना, भार असताना. कनेक्टर काढून मोजलं तर गंजलेल्या जोडणीतूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. बारीक पिन कनेक्टरच्या मागून घालून, इंजिन चालू आणि गाडी चांगली गरम असताना वाचन घ्या. आमचं असं आलं: बॅटरीवर १४.१ व्होल्ट, पंपावर ११.३. जवळपास ३ व्होल्ट रस्त्यात गायब.

ते कुठे गेले हे शोधायला मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी पंपाच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर ठेवा: १.९ व्होल्ट. मग बॅटरी निगेटिव्ह ते पंपाचं निगेटिव्ह: ०.९. अर्थिंगच्या बाजूला ०.२ च्या वर गेलं की मी स्वस्थ बसत नाही, आणि पॉझिटिव्ह बाजूला अर्धा व्होल्ट ही माझी मर्यादा आहे. अँपिअर मोजणारा क्लॅम्प लावला तेव्हा पंप साडेसात अँपिअर घेत होता. म्हणजे नुसत्या अर्थिंगच्या जोडणीत जवळपास सात वॅट उष्णता, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, गाडी चालू असेल तेवढा सगळा वेळ. प्लास्टिक करपलं यात नवल नाही.

बोल्ट सोडला तर रिंग टर्मिनलखाली रंगाचा थर आणि त्यावर पांढरट बुरशीसारखी गंजाची पूड. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, आणि काका हिवाळ्यात गाडी काढत नसले तरी आधीच्या मालकाने काढली असणार.

इथे एक गैरसमज दूर करतो. व्होल्टेज कमी पडल्याने पंप लगेच जळत नाही. तो हळू फिरतो, पेट्रोल कमी देतो, आणि मेल्यासारखा वागतो. त्यामुळे कित्येक चांगले पंप नाहक बदलले जातात. नवा टाकताना कनेक्टर हलतो, जोडणी तात्पुरती सुधारते, आणि सगळ्यांना वाटतं पंपच गेला होता. काकांच्या फळीवरचा एक पंप तर मला वाटतं असाच होता. त्याच्या आत मला काहीही वाईट सापडलं नाही.

दाब: गेज काय सांगतं आणि काय लपवतं

फिल्टर आणि इंजिन यांच्या मधल्या नळीत टी लावून गेज बसवा. या इंजिनाला आयडलवर, रेग्युलेटरची (दाब ठरावीक ठेवून जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूम नळी जागेवर असताना, ३० ते ३८ पीएसआय हवेत. ती नळी काढून बोटाने बंद केली की ३८ ते ४६. मोठ्या पंपासह आमचं वाचन नळी जागेवर असतानाच ४४ होतं. मूळ रेग्युलेटर इतकं पेट्रोल टाकीकडे परत पाठवू शकत नव्हता, म्हणून दाब चढत होता. चढलेल्या दाबाविरुद्ध ढकलायला पंप आणखी अँपिअर ओढत होता. परतीची नळी कुठे चेपली असली तरी असंच दिसतं, त्यामुळे आधी ती टाकीपर्यंत हाताने चाचपून बघा. मूळ मापाचा पंप बसवल्यावर दाब ३४ वर आला, आणि परतीची वाट मोकळी असल्याची खात्री पटली.

गेजचा एक मोठा तोटा लक्षात ठेवा. ते फिल्टरच्या पुढे बसतं. फिल्टर चोक झाला असेल तर पंप जीव तोडून ढकलत असतो आणि गेजवर मात्र दाब कमी दिसतो. मग लोक पंप कमजोर ठरवून बदलतात. अशा वेळी क्लॅम्प मीटर खरं सांगतो. पंपाच्या पुढे अडथळा असेल तर अँपिअर वाढतात. पंपाच्या मागे, म्हणजे जाळीत अडथळा असेल, तर पंपाच्या हाती पेट्रोलऐवजी वाफ येते, भार उतरतो, अँपिअर कमी होतात आणि आवाज चिरका होतो. दाब कमी हे लक्षण एकच, पण अँपिअर कुठल्या दिशेला गेले त्यावरून अडथळा कुठे आहे हे ठरतं. माझ्या मते या सगळ्या तपासणीतली ही सगळ्यात उपयोगी जोडी आहे, आणि गॅरेजमध्ये ती क्वचितच वापरली जाते.

एनएचा फिल्टर गाडीखाली, मागच्या उजव्या चाकाच्या पुढे असतो. नजरेआड असल्यामुळे विसरला जातो. पंप बदलताना तो बदललाच पाहिजे. जुना फिल्टर काढल्यावर टाकीकडच्या तोंडातून पांढऱ्या कपात पेट्रोल ओता. आमच्या कपात तळाशी विटकरी रांगोळी उमटली.

टाकी

टाकीत गंज कुठे असतो? बहुतेक जण तळाशी शोधतात. आम्ही पंपाच्या भोकातून एंडोस्कोप घातला (मोबाइलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा, पण आत घालण्यापूर्वी टाकी रिकामी करून वाफ पूर्ण जाऊ दिली). तळ तुलनेने ठीक, नुसता गाळ. खरा गंज वरच्या भिंतींवर आणि पेट्रोल भरण्याच्या नळीच्या तोंडाशी, जिथे पेट्रोल पोचत नाही आणि दमट हवा पोचते. काका नोव्हेंबरमध्ये गाडी ठेवायचे ती पाव टाकी पेट्रोल घेऊन, कारण वसंतात ताजं भरायचं असा हिशोब. एरवी शहाणपणाचा वाटणारा हा हिशोब पत्र्याच्या टाकीला घातक आहे. रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंडीत पत्र्यावर पाणी होऊन बसते, आणि हे चक्र पूर्ण हिवाळा चालतं.

त्यात इथेनॉल. अमेरिकेतल्या बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, पण मर्यादेपर्यंतच. साधारण १५ अंश सेल्सिअसला हे पेट्रोल अर्धा टक्का पाणी सामावून घेतं. भरलेल्या ४५ लिटरच्या टाकीत ते सव्वादोनशे मिलिलिटर झालं. पाव टाकीत जेमतेम पन्नास-साठ. त्याच्या वर गेलं, किंवा तापमान घसरलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन वेगळं पडतं आणि तळाशी जाऊन बसतं. पंपाचं तोंड बरोबर तिथेच असतं. हिवाळाभर तो त्या पाणचट, गंज आणणाऱ्या थरात बुडून राहतो आणि वसंतात पहिल्या सेल्फला तेच ओढतो.

टाकीचं झाकण उघडताना जोरात हवा आत ओढली गेल्याचा आवाज येतो का, हेही बघा. हवा जाण्याची नळी किंवा पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा तुंबला असेल तर टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप त्याच्याशी झगडतो. लांबच्या प्रवासात बंद पडणारी गाडी झाकण सैल केल्यावर नीट चालली, तर कारण हेच.

आम्ही काय केलं

गंजलेली टाकी धुऊन, रसायन फिरवून, आतून लेप देऊन वाचवता येते. मला तो मार्ग पसंत नाही. लेप नीट चिकटला नाही तर त्याचे पापुद्रे सुटतात आणि नवीन कचरा तयार होतो. आम्ही ॲरिझोनातल्या एका भंगार गाडीची टाकी मिळवली; कोरड्या वाळवंटी राज्यांतले सुटे भाग गंजाविना मिळतात हे इथल्या शौकिनांना पाठ आहे. टाकी बदलणं हे लिफ्टवरचं काम आहे, ते गॅरेजकडून करून घेतलं. घरी दुरुस्ती करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, पेट्रोलची जुनी टाकी, कितीही धुतलेली असली तरी, वेल्डिंगला लावू नका.

पंप मूळ मापाचा घेतला. टर्बो नसलेल्या १.६ च्या इंजिनाला तो पुरून उरतो. टाकीच्या आत, पंप आणि त्याला धरून ठेवणारा हँगर यांच्यात, रबरी नळीचा एक छोटा तुकडा असतो. तो कुठल्याही पेट्रोलच्या नळीचा चालत नाही. नेहमीची नळी आतून पेट्रोल सोसते. पण टाकीत ती बाहेरूनही बुडालेली असते, आणि बाहेरचं रबर फुगून तडकतं. मग पंप चांगला असूनही पेट्रोल टाकीतल्या टाकीत गळतं. बुडवून वापरायच्या नळीवर एसएई जे३०आर१० अशी खूण असते, ती बघूनच घ्या. जाळी बसवताना ती दुमडू नये, तळाला आडवी टेकावी.

विजेसाठी डिकीत एक नवा ३० अँपिअरचा रिले बसवला. बॅटरी तिथेच असल्यामुळे हातभर जाड वायर पुरली, बॅटरीला लागूनच १५ अँपिअरचा फ्यूज. पंपाकडे येणारी मूळ वायर आता फक्त या रिलेला हुकूम देते. त्यामुळे एअरफ्लो मीटरच्या स्विचची सुरक्षा कायम राहिली; पंपाला थेट बॅटरीवर जोडून ती सुरक्षा घालवणारे ‘जुगाड’ मी पाहिलेत, ते करू नका. अर्थिंगचा बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवं टर्मिनल, वर ग्रीस. करपलेला कनेक्टर बदलला. त्यानंतर बॅटरीवर १४.१ असताना पंपावर १३.७ आले आणि पंप साडेचार अँपिअरच्या आसपास स्थिरावला.

महाराष्ट्रातल्या जुन्या गाड्यांसाठी

भारतात एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ई२० ला चालतील अशा भागांनी बनू लागल्या, आणि २०२५ पर्यंत वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल देशभर पसरलं. त्याआधीची जुनी इंजेक्शनची गाडी, आयात केलेली स्पोर्ट्स कार, वर्षातून मोजके दिवस बाहेर काढायची हौसेची गाडी, या सगळ्यांना वर लिहिलेलं जास्तच लागू आहे. मिशिगनमध्ये जे काम हिवाळा करतो ते कोकणात आणि मुंबईत पावसाळा करेल. इथेनॉल जुन्या टाकीत चिकटून बसलेला मळही सोडवतं, म्हणून बदललेल्या पेट्रोलच्या पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर एकदा उघडाच. जुन्या रबरी नळ्या हाताने दाबून बघा. चिकट किंवा फुगलेल्या वाटल्या तर वाट बघू नका. टाकी पत्र्याची असेल आणि गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल, तर ती गळ्यापर्यंत भरून ठेवा, त्यात फ्युएल स्टॅबिलायझर घाला, आणि तो लाइनमध्ये पोचेपर्यंत इंजिन दहा मिनिटं चालू ठेवा. काकाही आता नोव्हेंबरमध्ये असंच करतात, शक्य असेल तेव्हा बिनइथेनॉलचं पेट्रोल भरून. ते इथे बोटींच्या धक्क्यांजवळ मिळतं.

तुमच्याही गाडीचा पंप पुन्हा गेला असेल आणि कोणाचा सल्ला घ्यायचा असेल, तर नवा मागवण्याआधी हे लिहून ठेवा: गरम इंजिन चालू असताना बॅटरीवरचे आणि पंपावरचे व्होल्ट, दोन्ही बाजूंची घट, पंपाचे अँपिअर, व्हॅक्यूम नळीसह आणि नळीविना दाब, बंद पडताना टाकी किती भरलेली होती, आणि जुन्या पंपाच्या जाळीचा व टर्मिनलचा उजेडात काढलेला फोटो. एवढं हाती असेल तर जाणता मेकॅनिक फोनवरसुद्धा पंपाच्या पुढे शोधायचं की मागे, एवढं तरी सांगू शकतो.